आधी ठोके ऐकवा

तुमच्या घरातली दिवस भरत आलेली बाई म्हणाली, "बाळ हलत नाही", तर तुम्ही तिला आधी काय देता? गोड, धीर की रिक्षा?

आम्ही गोड दिलं होतं. माझी वहिनी दुधनीची. माहेरी कानडी, आमच्याकडे सोलापुरात मराठी, आणि घाबरली की दोन्हींची खिचडी. पहिल्या खेपेला नववा महिना लागला होता. सकाळपासून पोट गप्प आहे म्हणाली, तशी मी तिला नेहमीच्या खासगी दवाखान्यात नेलं. तिथं ती म्हणाली, "सिस्टर, कूस हलंना."

कानडीत कूस म्हणजे बाळ. सिस्टरनं मराठीतली कूस ऐकली.

"कूस हलंना? मग नवऱ्याला सांग की, धरून वळवायला!"

बाकावरच्या बायका हसल्या. मी म्हटलं, "अहो, बाळ हलत नाही म्हणतेय ती."

"झोपलं असंल. डाव्या कुशीवर पड, गोड खा. उद्या डॉक्टर असतात, तवा या."

पोटाला कुणी हातसुद्धा लावला नाही. ठोके ऐकायचं यंत्र तिथंच टेबलावर पडलं होतं.

घरी आईनं शेंगापोळी केली. वहिनीनं ती मुकाट्यानं खाल्ली. मग ती डाव्या कुशीवर, आणि आम्ही दोघी तिच्या पोटावर हात ठेवून. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला, तेव्हाच मला कळलं, बाळ गेलंय. मुलगा होता. कानांवर मऊ लव होती. डॉक्टर म्हणाले, "नशीब." शेजारणी म्हणाल्या, जिने फार चढायची, ग्रहण पाळलं नाही. सगळा दोष वहिनीच्या पायांत शोधला गेला.

भाषेचा घोटाळा झाला म्हणून मी हे सोडून देणार नाही. दिवस भरत आलेली बाई घाबरून समोर उभी आहे, तिच्या पोटावर यंत्र ठेवायला कुठली भाषा लागते? वेळेवर ऐकलं असतं तर तो वाचला असता का, ते मला सांगता येत नाही. पण कुणी ऐकलंच नाही! मी तक्रार दिली. आजवर उत्तर नाही.

यंदा वहिनीला पुन्हा दिवस गेले. आम्ही दवाखाना बदलला. नवव्या महिन्यात एका दुपारी मी त्या जुन्या तक्रारीवर पत्रक लिहीत बसले होते. आमचे बाबा कामगार संघटनेचे. आमच्या घरात भांडणसुद्धा पत्रक काढून करतात. मी 'माता-भगिनींनो, जाग्या व्हा' पर्यंत आले आणि वहिनी दारात उभी राहिली.

"वन्सं, पत्रक मागनं काडा. आदी रिक्षा बगा. सकाळधरनं हालचाल लई कमी हाय."

मी चप्पल न घालताच पळाले. रिक्षावाले चाचा म्हणाले, "खड्डे हैं बेटी, आस्ते लेतूं."

"चुकवत बसू नका चाचा, सरळ घ्या!" पोट दोन्ही हातांनी धरून वहिनी ओरडली. सासऱ्यांपुढं जिचा आवाज फुटत नाही ती ही वहिनी!

नव्या दवाखान्यात सिस्टर वेगळी, वाक्य तेच. "पहिलटकरीण का? शेवटी शेवटी कमीच हलतं ओ. जाऊन आराम करा."

मी तोंड उघडणार, तोवर वहिनीच पुढं झाली. "पहिलटकरीण न्हाय मी. माजं एक गेलंय. आदी ठोके ऐकवा, मग काय बी बोला."

"बाई, आवाज खाली."

"बाळाचा ऐकवा, माजा बंद करते!"

मला तिथंच टाळी वाजवावीशी वाटली.

सिस्टरनं तिला आत घेतलं, पोटाला पट्टे बांधले. खरखर, खरखर, आणि मग आले! टक-टक-टक, धावत सुटल्यासारखे. वहिनीनं माझं मनगट असं दाबलं की बांगडी फुटली. आणि मग ते ठोके मंदावायला लागले. वर आले, पुन्हा उतरले. सिस्टरचा चेहरा बदलला. तीच मग ओरडत धावली, हे मी सांगायलाच हवं. डॉक्टरबाई आल्या, पडद्याकडे एकदा बघून म्हणाल्या, "लगेच सिझर. आता थांबायचं नाही."

ऑपरेशनच्या खोलीबाहेर मी आणि आई. आई पुटपुटत होती, मी भिंतीला डोकं टेकून कान देत होते. आधी काहीच नाही. मग दाराच्या पलीकडून असा टाहो फुटला की आई खाली फरशीवरच बसली. मुलगी! जिवंत, लालबुंद, संतापलेली!

वहिनीनं डोळे उघडल्यावर विचारलं, "रडली का?"

"रडली? दवाखाना डोक्यावर घेतलाय!"

तुम्ही हे वाचलंत, आता एक काम करा. घरात, गल्लीत, कामावर जी कुणी गरोदर असेल तिला आजच सांगा: हालचाल कमी वाटली की त्याच दिवशी, त्याच घटकेला दवाखाना गाठायचा, काही खाऊन वाट बघायची नाही. 'शेवटी कमीच हलतं' हे खोटं आहे. तिच्यासोबत तुम्ही जा. ठोके नीट तपासल्याशिवाय तिथून निघू नका. आणि 'सगळं ठीक आहे' ऐकून घरी आल्यावरही बाळ गप्पच असेल, तर लाज सोडून तिला पुन्हा घेऊन जा.