ओटीतलं कार्ड

मी राजूरजवळच्या एका उपकेंद्रात नर्स आहे. गावातल्या एका गरोदर सुनेचं बीपी वाढलेलं होतं. तिच्या तपासणीच्या कार्डावर मी ते लाल पेनानं लिहून दिलं होतं. सातव्या महिन्यात ओटी भरून ती पहिलटकरीण माहेरी गेली आणि कार्ड सासरच्या कपाटातच राहिलं. माहेरी बीपीचं कुणाला ठाऊकच नव्हतं. बाळ पोटातच गेलं.

"नशिबातच नव्हतं, सिस्टर," सासू म्हणाली.

मी तोंडावर सांगितलं, "नशीब न्हाई, मावशी. कार्ड कपाटात होतं."

तेव्हापासून प्रत्येक ओटीभरणाला मी न बोलावता जाते आणि नारळाआधी ओटीत कार्ड घालते. बायका नाकं मुरडतात, मुरडोत.

परवा त्याच सासूच्या धाकट्या सुनेची ओटी होती. मला जरा उशीर झाला. सासू नारळ हातात धरून थांबली होती.

"आधी कार्ड," ती म्हणाली, "मंग नारळ."