पित्तनलिकेतला खडा आणि कार्डावर नसलेली ओळ

मी मेडिकल कोडिंगचं काम करते. अमरावतीत, राजापेठेतल्या भाड्याच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर. परदेशातल्या दवाखान्यांचे कागद स्क्रीनवर येतात. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक आजाराला ठरलेला क्रमांक लावायचा. पेशंटचं नाव मला दिसत नाही. वय दिसतं, बाई की पुरुष ते दिसतं, बस.

पित्ताच्या खड्यांचं पान मला तोंडपाठ आहे. खडा पित्ताशयातच असेल तर एक क्रमांक, तिथून घसरून पित्तनलिकेत आला असेल तर दुसरा, दोन्हीकडे असतील तर तिसरा. त्या तिसऱ्याचा शेवटचा आकडा, पित्ताची वाट मोकळी असेल तर शून्य, तुंबली असेल तर एक. पण तुंबल्याचं डॉक्टरांनी लिहिलेलं हवं. सगळ्या खुणा समोर दिसत असल्या तरी आपल्या मनाने एक लावता येत नाही. क्लासच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "लिहिलं नाही म्हणजे झालं नाही." शंका आली तर डॉक्टरांना लेखी विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची.

माझ्या सासूबाई वलगावला एकट्या राहतात. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांनी उमर काढली. माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "खिडकीत बसून लोकाइचे रोग मोजते."

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही नवरा-बायको वलगावला गेलो, तेव्हा त्यांचे डोळे पिवळे झालेले होते. गळ्यात काड्यांची माळ होती. शेजारच्या गावातला एक माणूस काविळीवर ती माळ देतो. माळ लांबत जाते आणि पायाशी आली की कावीळ उतरते, असं लोक मानतात. सासूबाई आठ दिवस नुसत्या ताक-भाकरीवर होत्या, आणि बोलता बोलता कंगव्याने हात खाजवत होत्या.

"काहून इतकं खाजवता, आई?"

"उनाचं हाय वं. कावीळ उतरून राहिली."

माझ्या डोक्यात ते खड्यांचं पान उघडलं होतं. नवरा नळाची तोटी बघायला मागे गेला तशी मी जवळ सरकले.

"पोटात दुखलं होतं का? जेवल्यावर, उजव्या बाजूले?"

त्यांचा हात थांबला. "तुले कोनं सांगतलं?"

"आणि संडासचा रंग?"

त्या लाजल्या. दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "चुन्यावानी पांढरी होते."

आमच्या कामात खड्याने वाट तुंबल्याचं लिहिलेलं असलं की काविळीला वेगळा क्रमांक लावत नाहीत. ती त्याच रोगाची खूण धरतात. इथे सासूबाई त्या खुणेवरच इलाज करत होत्या.

"आई, आतमधी काहीतरी अडलं असंल. उद्या सोनोग्राफी करू."

"तू डाक्टर हायस का?"

"नाही. म्हणून तर डॉक्टरकडे चला म्हणते."

"अन् ही माळ?"

"माळ राहू द्या गळ्यात."

तेवढ्यावर त्या तयार झाल्या.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले आणि पित्तनलिका फुगलेली दिसली. अमरावतीच्या डॉक्टरांनी पुढची तपासणी लवकर करायला सांगितली. नणंदेचं घर अकोल्यात, म्हणून आम्ही तिथल्या दवाखान्यात गेलो. तिथे तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढला. डॉक्टरांनी व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं, "पित्त वाहतं राहावं म्हणून आत प्लॅस्टिकची बारीक नळी ठेवली आहे. पित्ताशय काढायचं ऑपरेशन तीन-चार आठवड्यांनी करून घ्या. नंतर नळी काढायला इकडे या. विसरू नका. जास्त दिवस राहिली तर तीच तुंबते."

तिसऱ्या दिवशी खाज पुष्कळ उतरली. सासूबाई खाटेवर बसून म्हणाल्या, "माह्या रोगाचा नंबर काय हाय वं?"

मी सांगितला. शेवटचा एक कशासाठी, तेही सांगितलं.

"आता तं वाट मोकळी झाली. मंग त्याचा शून्य कर."

आम्ही दोघी हसलो. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण असं दोघीच हसल्याचं मला आठवत नव्हतं.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी नवरा ऑटो आणायला गेला आणि माझ्या हातात डिस्चार्ज कार्ड आलं. सवयीने वाचलं. "पित्ताशयात खडे. प्रकृती सुधारली. घरी सोडले." एवढ्या अर्थाचं इंग्रजी. नलिकेचं नाव नाही, नळीचंही नाही.

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी तोंडी सांगितलं ना तुम्हाला?"

"सांगितलं. पण कार्डावर नाही."

"चाल ना वं आता," सासूबाई मागून म्हणाल्या. "बरं वाटून राहिलं मले."

त्याचीच मला भीती वाटली. बरं वाटलं की त्या पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाहीत, आणि पुढे कुणा दुसऱ्या डॉक्टरने कार्ड पाहिलं तर पोटात नळी आहे हे त्याला कळायचं कसं? मी आजवर डॉक्टरांना कितीतरी लेखी शंका पाठवल्या होत्या. समोर उभं राहून एकही विचारली नव्हती. तरी म्हटलं, "मी थांबते. डॉक्टरांना बोलवा."

अर्ध्या तासाने एक तरुण डॉक्टरबाई खाली आल्या. कार्ड वाचून त्यांचा चेहरा उतरला. "मी सोनोग्राफीचा रिपोर्ट बघून टाइप केलं होतं," त्या म्हणाल्या. "बरं झालं विचारलंत." तिथेच बसून त्यांनी नवीन कार्ड केलं. खडे पित्ताशयात आणि पित्तनलिकेत, वाट तुंबलेली, नलिकेतला खडा काढला, आत नळी ठेवली, ती कधी काढायची तेही. मोठ्या डॉक्टरांची सही घेऊन त्या स्वतः कार्ड द्यायला आल्या.

मला भीती होती तसंच झालं. महिनाभराने सासूबाई अडून बसल्या. "दुखत नाई, खाजत नाई, मंग पोट काहून चिरायचं?" नवऱ्याने समजावलं, नणंदेने फोन केले. शेवटी मी वलगावला गेले आणि कार्ड त्यांच्यापुढे ठेवून एकेक ओळ मराठीत सांगितली. नळीच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "हे अजून माह्या पोटात हाय?"

"हो."

"मंग हे पयले सांगाचं ना."

ऑपरेशन अमरावतीत झालं. तिथल्या सर्जननी कार्ड वाचून पहिला प्रश्न नळीचाच केला. पंधरा दिवसांनी अकोल्याला जाऊन नळी काढली.

त्यानंतर सासूबाई आठवडाभर आमच्याकडे राहिल्या. मी काम करताना स्टूल ओढून शेजारी बसायच्या. स्क्रीनवर एखादं वय दिसलं की विचारायच्या, "ही बाई बरी झाली का?" मला ते माहीत नसायचं. एवढं कागदात येत नाही, असं मी सांगायचे. मग त्याच म्हणायच्या, "झाली असंल." सोमवारी सकाळी जेवून, पिशवी उचलून त्या एकट्याच वलगावच्या गाडीत बसल्या.