धामणकर नाक्यावरची मलमल आणि माझी पारख

नातीच्या अंगावर घामोळं उठलं आणि मी निकाल देऊन मोकळी झाले: दोष विहीणबाईंनी आणलेल्या नायलॉनच्या फ्रॉकांचा. "झबली मलमलचीच हवीत. मी आणते भिवंडीहून." विहीणबाई तिथल्याच कशेळीच्या, माहेर कापड विणणाऱ्या लूमच्या शेजारात. म्हणाल्या, "मी पन येते." मला वाटलं, बघू दे पारख कशी असते!

कल्याणहून सकाळीच एसटी धरा. उशीर झाला तर ट्रकांच्या रांगेत पोथीचा एक अध्याय होतो. माझे दोन झाले.

स्टँडवरून शेअर रिक्षाने धामणकर नाका. दुकानदाराने दोन तागे पसरले, दोन्ही आरपार दिसणारे. एक चाळीस रुपये मीटर, दुसरा अठरा. मी दोन्ही गालाला लावून पाहिले. अठराचा गुळगुळीत, गारेगार. "हीच अस्सल मलमल! तीन मीटर फाडा." त्याने तोंड उघडलं, मी भाव पाडून ते बंद केलं. विहीणबाईंनी माझा पदर ओढला. "चहा नंतर घेऊ हो," मी म्हटलं.

बाळाचं कापड आधी देवीच्या पायाशी, म्हणून पुढची एसटी वज्रेश्वरीची. देवळाच्या पायऱ्यांखाली भाकरी-पिठलं चांगलं मिळतं, पण आधी दर्शन. उदबत्ती लावताना ठिणगी कापडावर पडली. भोक पडलं, कड आक्रसली आणि टणक काळा मणी झाला. वर प्लॅस्टिकचा वास.

"सुती जळलं तर कागदावानी राख व्हते," विहीणबाई हळूच म्हणाल्या. "ह्यो पॉलिस्टर हाय."

"मग दुकानात सांगायचं नाही?"

"पदर कशाला वढला मंग?"

मी मान खाली घातली. पुजाऱ्यांना भक्ती वाटली असावी.

परत नाक्यावर. दुकानदार हसला, "चाची, आप बोलने कहाँ देती हो?" त्याने दोन्ही कापडांवर पाण्याचा थेंब टाकला. चाळीसवाल्याने तो पिऊन टाकला, माझ्या 'मलमल'वर मोत्यासारखा उभा. घाम टिपणार कसा? फाडलेलं कापड कोण परत घेणार? चाळीसची तीन मीटर वेगळी घेतली.

तीन दिवसांत घामोळं बसलं. नात नव्या झबल्यात गाढ झोपली होती. लेक कौतुकाने म्हणाली, "आई, कापडाची पारख तुझीच!" मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या पाळण्याला झोका देत म्हणाल्या, "व्हय गं, त्यांनीच निवडलं." आणि मी, रोज देवासमोर खरं बोलायची बुद्धी मागणारी बाई, गप्प बसले.

लेक हा ब्लॉग वाचते. म्हणून इथे लिहिलं.