धाकटीचा ढीग

खरकट्याच्या वासाने थोरलीला कधी मळमळलं नाही. मळमळायचं ते धाकटीचं कौतुक ऐकून. दोघी सख्ख्या जावा, राहायच्या एकाच घरात आणि राबायच्याही एकाच शेडमध्ये. अख्ख्या शहराच्या ताटात उरलेलं तिथे येऊन पडायचं. हॉटेलांतला भात, इस्पितळांतला शिळा पाव, बाजारातला सडका पाला. त्यातून चमचे नि पिशव्या वेचून काढायच्या, भुसा मिसळायचा, ढीग रचायचा आणि तो आतून तापला की वरखाली करत राहायचा. पुढे त्याचं खत होऊन शहरातल्या बागांना जायचं.

धाकटीला या कामाला लावलं ते थोरलीनेच. ढिगात कोपरापर्यंत हात घालून ऊब कशी ओळखायची, हेही तिनेच शिकवलं. आणि आता बघा! सकाळी धाकटीच्या ढिगातून वाफा निघाल्या की मुकादम तिथेच घुटमळणार. "हिच्या हाताला गुण आहे हो," म्हणणार. घरी सासूबाईंची तीच टकळी. वाफा काय थोरलीच्या ढिगातून निघत नव्हत्या? पण तिकडे बघायला सवड होती कुणाला!

त्यात मुकादमांनी जाहीर केलं, नव्या बागेला जिचं खत आधी जाईल तिला शेडची प्रमुख करायचं. म्हणजे उद्या धाकटी सांगणार आणि थोरली ऐकणार. थोरलीच्या अंगाची नुसती आग आग झाली.

शेडच्या मागे भाज्या खारवणाऱ्या कारखान्यातून आलेली पिंपं असायची. त्यातलं खारं पाणी ढिगाच्या आसपासही न्यायचं नाही, हा इथला पहिला धडा. मीठ लागलं की ढीग मेलाच. दुपारी सगळ्या जेवायला गेल्या तेव्हा थोरलीने बादल्यांवर बादल्या धाकटीच्या ढिगात रिचवल्या आणि वर कोरडा भुसा पसरला. मग हात धुऊन जेवायला गेली. धाकटीने आपल्या डब्यातलं अर्धं तिच्यासाठी काढून ठेवलं होतं. ते तिने खाल्लंसुद्धा.

आठवडा उलटायच्या आत ढीग गार पडला. धाकटी हात घालून बघायची, पुन्हा बघायची, रडवेली व्हायची.

"होतं गं असं कधी कधी," थोरली तोंड पाडून म्हणाली. आतून मात्र तिला गुदगुल्या होत होत्या.

पण शेडची एक रीत होती आणि जळफळाटात थोरली नेमकी तीच विसरली होती. गार पडलेल्या ढिगाला शेजारच्या तापलेल्या ढिगातलं विरजण द्यायचं. शेजारचा ढीग तिचाच होता.

"ताई," धाकटी पाटी घेऊन आली, "तुझ्यातलं थोडं देशील? मागायलाही लाज वाटते गं. तुझं खत मागे पडेल."

 त्या खाऱ्या मातेऱ्यात जे जाईल ते मरणार, हे थोरलीशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. नाही म्हणावं, तर का ते सांगावं लागणार.

"घे की," ती म्हणाली.

पाटीमागून पाटी गेली. काळंभोर, वाफाळतं, तिच्या हाताखाली तयार होत आलेलं. दुसऱ्या दिवशी धाकटीने हात घातला, तर ढीग तसाच गार.

मुकादम म्हणाले, "आता राहिलेला सगळाच घाला त्यात. बघू, ऊब धरतो का."

बायका भोवती जमल्या. धाकटीने पदराने डोळे पुसले. "बघा गं, माझ्यापायी स्वतःची बढती सोडतेय ही. जाऊ कसली, आईच आहे माझी!"

"मन मोठं लागतं त्याला," मुकादम म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी सासूबाईंपर्यंतही हे पोहोचणार होतं.

ज्या कौतुकासाठी ती इतके दिवस जळत होती, ते आयतं पुढ्यात आलं होतं. अजूनही तोंड उघडलं असतं, तर उरलेला ढीग वाचला असता. थोरलीने फावडं उचललं आणि उपसायला सुरुवात केली.