पांग तेशानचे छप्पर

उपग्रह गावावरून साडेदहाच्या सुमाराला जातो. दर चार दिवसांनी, नेमक्या त्याच वेळेला. आजचा फोटो मागच्या फोटोशेजारी ठेवला की जमिनीवर काय नवीन उगवले ते कळावे, म्हणून त्याची फेरी सूर्याशी जुळवून ठेवलेली आहे, असे गावसचिव मिआओने सभेत वाचून दाखवले होते. गावाने त्यातले एवढेच लक्षात ठेवले की वरचे साहेब येतात, वेळेवर येतात आणि जेवायला थांबत नाहीत. असा साहेब गावाने पूर्वी पाहिला नव्हता.

पांग तेशानला या साहेबाचे भय वाटले नाही. तो गवंडी होता. तीस वर्षे त्याने दक्षिणेकडच्या शहरांत तीस-तीस मजली इमारती उभ्या केल्या, आणि ती तीस वर्षे पत्र्याच्या खोलीत, आठ जणांत, लोखंडी खाटेच्या वरच्या फळीवर झोपून काढली. तिथे उठून बसले की डोके पत्र्याला लागे. साठी आली तेव्हा म्हाताऱ्यांना परांचीवर चढू देत नाहीत म्हणून त्याला घरी पाठवण्यात आले. घर म्हणजे भावाच्या घरातली मागची खोली. तिची खिडकी भावाच्या डुकरांकडे उघडायची. पांगला उरलेल्या आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: दक्षिणेला खिडकी असलेली स्वतःची खोली, जिच्यात उभे राहिले तरी डोक्यावर हातभर हवा शिल्लक राहील.

ती त्याने आपल्या दोन मू, म्हणजे तेरा-एक गुंठे, गव्हाच्या शेतात बांधली. पिकाच्या जमिनीत घर बांधायला बंदी आहे हे त्याला ठाऊक होते. ज्यांची घरे पिकाच्या जमिनीत आहेत त्या सगळ्यांनाच ते ठाऊक असते. नोव्हेंबरात दाट धुक्याचे बारा दिवस आले, वरच्या साहेबाला खालचे काही दिसेना, तेवढ्यात भिंती उभ्या राहिल्या. मग पांगने गव्हाचे कोवळे पाते उपटून खिशात घातले, तालुक्याच्या रंगाच्या दुकानात गेला आणि त्याच रंगाचा डबा मागितला.

"खोली रंगवायची की शेत?" दुकानदाराने विचारले.

"कुठलं कुठं संपतं ते कळायला नको, असा दे."

थंडी गेली, वसंत गेला. तालुक्याहून दर महिन्याला बेकायदा बांधकामाभोवती लाल गोल काढलेले फोटो यायचे. त्यांत पांगच्या शेतावर गोल नसायचा. पॉप्लरच्या झाडाखाली बुद्धिबळ खेळणाऱ्यांत तो आता तज्ज्ञ म्हणून बसू लागला.

"तीस वर्षं इंजिनिअर माझ्या भिंतीला नाक लावून उभे राहिले, त्यांना काही सापडलं नाही," तो सांगायचा. "याला आभाळातून काय सापडणार?"

"तेशान, एक डबा मलाही आण," समोरचा म्हणायचा. "सासरा यायचाय. अंगाला फासून शेतात उभा राहतो."

जूनच्या पहिल्या आठवड्यात गहू पिकला. तो दर वर्षी पिकतो. पण पांग तीस वर्षे फक्त नव्या वर्षाच्या सणाला, कडाक्याच्या थंडीत घरी यायचा. त्याच्या डोक्यातले शेत कायमचे हिरवे राहिले होते.

मिआओ विजेच्या स्कूटरवरून आला आणि मोबाइल पुढे केला.

"काका, हे बघा. सगळी पंचक्रोशी पिवळी. आणि मधोमध हे काय चिकटवलंय? पोस्टाचं तिकीट?"

पांगने फोटो लांब धरला. एवढ्या पिवळ्यात ते छप्पर इतके स्वच्छ हिरवे दिसत होते की क्षणभर त्याला अभिमानच वाटला.

"पाण्याच्या मोटारीची खोली आहे," तो म्हणाला.

"मोटार कुठंय?"

"यायचीय."

"आणि खिडकीला फुलाफुलांचा पडदा, तो मोटारीला ऊन लागू नये म्हणून?" मिआओने स्वतःच सिगारेट पेटवली. "मोटारीची खोली दीड मीटरपर्यंत चालते. तसं लिहून देतो. पुढच्या फेरीत गोल गेला तर विषय मिटला. राहिला तर बुलडोझर येईल, आणि बुलडोझरला वाट मीच दाखवायची."

"हे पूर्वेला निळं छप्पर, माझ्या वीसपट, याला गोल का नाही?"

"ते आमच्या मेव्हण्याचं. मासळीचं गोदाम."

"तिथं लग्नं लागतात."

"त्याला कागद आहे, काका."

बायको युनचिन दारात ऐकत होती. मिआओची स्कूटर वळल्यावर ती म्हणाली, "म्हाताऱ्या, गहू पिकतो हे तुला कोणीच सांगितलं नव्हतं? तीस वर्षं एकटीनं कापला. एकदा तरी फोनवर बोलले असेन."

पांग या वेळी दुकानात ओंबी घेऊन गेला. दोन दिवसांत छप्पर पिवळे झाले. पॉप्लरखालच्यांनी विचारले, "छपराची मळणी केव्हा?"

पुढचा फोटो घेऊन मिआओ आला तेव्हा त्याचा चेहरा आणखी पडला होता.

"रंग जमलाय. छप्पर शोधून सापडत नाही. पण शेजारी ही काळी पट्टी दिसतेय ना? सावली. कार्यालयातल्या मुलीनं मोजली. उपग्रहाची वेळ ठरलेली, त्यामुळं ऊन किती तिरपं ते तिला पाठ. सावली एवढी, म्हणजे खोली तीन मीटर."

"तुझ्या मेव्हण्याच्या सावलीलाही कागद असेल."

"असेल," मिआओ म्हणाला. तो चिडलाही नाही. "चार दिवस आहेत, काका."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला पांग शेतात गेला. खोलीची सावली पश्चिमेला पिकल्या गव्हावर पडली होती, कडा धारदार, कोपरे काटकोनात. आयुष्यभर त्याने अशाच भिंती बांधल्या होत्या. वाकडी बांधली असती तर सावलीही जरा संशयास्पद पडली असती आणि मोजणाऱ्या मुलीचा गोंधळ उडाला असता. तो बराच वेळ तिच्यात उभा राहिला. मग शिडी आणून त्याने छप्पर उतरवायला घेतले.

विटांचे पंचवीस थर काढले. खिडकीचा वरचा भाग गेला, खालचा गुडघ्याच्या उंचीवर राहिला. उरलेल्या भिंतीवर पातळी लावून, एक रेघही न चुकता, त्याने छप्पर परत ठेवले.

गोल गेला. मिआओने कागदावर लिहिले: मोटारीची खोली, एक. मोटारीच्या खोलीत मोटार हवी, म्हणून पंचायतीच्या मागे पडलेली जळकी मोटारही पाठवून दिली. ती बरोबर मधोमध बसली, जिथे खाट यायची होती.

गहू कापला, त्या जागी मका पेरला आणि पांग खोलीत राहायला गेला. मोटारीशेजारी वळकटी पसरली. पहिल्या सकाळी उठताना डोके आपटेल म्हणून युनचिन बघायला आली होती, पण नाही आपटले. त्याचे अंग आपोआप वाकून उठले. ते तीस वर्षे शिकलेले होते.

शेवयांचा वाडगा घेऊन ती दाराशी ओणवी झाली. "आत येऊ की मोटारसाहेबांना विचारायला हवं?"

"बसून ये."

दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आले. ते दोघांच्या पायांवर पडले, वर चढायला जागा नव्हती. साडेदहा वाजले. पांगने शेवया तोंडात तशाच धरल्या आणि थोडा वेळ हलला नाही. मग गिळून त्याने विचारले, "मका कधी पिवळा पडतो?"

"सप्टेंबरात. आता कशाला विचारतोस? तुझ्याकडे कागद आहे ना."

"असंच," पांग म्हणाला, आणि हिरव्या रंगाचा अर्धा डबा मोटारीच्या मागे सरकवला.