नाझनीनचं वगळलेलं प्रकरण

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी विशेष शिक्षण शिकवते. म्हणजे अपंग मुलांना पुढे जे शिकवणार, ते शिक्षक आमच्याकडे तयार होतात. माझा पेपर ‘सैद्धांतिक पाया’. अपंगत्व मुलाच्या शरीरात असतं की भोवतालच्या व्यवस्थेत? — वैद्यकीय दृष्टिकोन, सामाजिक दृष्टिकोन, फळ्यावर दोन रकाने, फरकाचे आठ मुद्दे. सतरा वर्षं त्याच नोट्स. विद्यार्थी मला वचकून असायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग नाझनीन आली. पूर्णगडची. तिचे अब्बा जन्मापासून बहिरे, आणि तरी मच्छीमार बोटीवर तांडेल — बोटीचे प्रमुख. तिच्या लघुप्रबंधाची मार्गदर्शक मी. एके दिवशी तिनं तिसरं प्रकरण आणून दिलं, ते मी स्टाफरूममध्ये चहाबरोबर वाचायला घेतलं. चहा तसाच निवला.

तिनं लिहिलं होतं — इंजिन सुरू झालं की बोटीवर कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. सगळे खलाशी हातांनी बोलतात. जाळं सोडा, ओढा, थांबा, सगळं अब्बांच्या हाताकडे बघून. तिथं अब्बा बहिरे नसतात. बोट धक्क्याला लागते, इंजिन बंद होतं, माणसं तोंडानं बोलायला लागतात — आणि अब्बा अपंग होतात. मग बँकेतला साहेब त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही, सोबत आलेल्या लहानग्या नाझनीनला विचारतो, ‘काय पाहिजे यांना?’

झालं! माझे आठच्या आठ मुद्दे एका पानात. आणि पोरगी जेमतेम तेवीस वर्षांची!

मला काय वाटलं असेल? कौतुक? छे हो. जळफळाट झाला माझा. सतरा वर्षांत मला असं एक वाक्य सुचू नये? मी इथल्याच पावस गावची, लहानपणापासून समुद्र बघतेय, धक्क्यावरून मासे आणतेय. मला का नाही दिसलं? तिच्यावर रागच आला — जणू तिनं माझ्या घरातलं काही उचलून नेलं होतं.

मग मी — कसं सांगू — लाल पेन काढलं. समासात लिहिलं, ‘संदर्भ कुठाय?’ आमच्या धंद्यात हे फार सोयीचं हत्यार. कुठल्यातरी पुस्तकाचं नाव कंसात नसलं की भल्याभल्यांची बोलती बंद होते. नाझनीनला म्हटलं, “ही घरगुती गोष्ट झाली. सिद्धांत नव्हे. काढून टाक.” तिनं एकदाच म्हणून बघितलं, “पण मॅडम, खरंच तसंच असतं.” मी मान वर केली नाही. तिनं ते प्रकरण काढलं आणि तिथं माझा दोन रकान्यांचा तक्ता घातला. पीएचडी करायचं मनात होतं तिच्या. त्यानंतर तिनं त्याचं नाव काढलं नाही.

एवढ्यावर थांबले असते तर नुसती जळकी बाई ठरले असते. पण दोन वर्षांनी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मीच ती बोट सांगितली. ‘मी एकदा पूर्णगडला पाहिलं —’ अशी सुरुवात करून. टाळ्या पडल्या. मग दरवर्षी सांगत गेले. ‘मॅडमची बोट’ असं नावच पडलं. आणि मी जन्मात मच्छीमार बोटीवर पाय ठेवलेला नाही. मला बोट लागते!

गेल्या मार्चमधल्या प्रशिक्षणात नाझनीन मागच्या रांगेत बसली होती. आता ती मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. मला दिसली तेव्हा माझी गोष्ट अर्ध्यावर आली होती. ‘हे हिचं आहे’ — तीन शब्द. पण सगळ्या माना मागे वळल्या असत्या, तिच्याकडे. ते मला बघवलं नसतं. मी गोष्ट पुरी केली.

नंतर ती माझ्याकडे आली. म्हटलं, आता काढते ही माझी लाज सगळ्यांसमोर. तर ती हळूच म्हणाली, “मॅडम, आज तुमच्याकडून ऐकल्यावर नीट कळलं. मी तेव्हा कच्चं लिहिलं होतं, ना?”

आणि मी म्हणाले, “हो. कच्चंच होतं ते.”