सीटच्या आतलं अक्षर

पंक्चरवाल्या सलीमभाईंनी गिऱ्हाइकांना बसायला मोटारीची एक जुनी सीट मांडलीय. शिवण बघूनच ओळखलं, ही आमच्या कंपनीची.

पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही स्कूटरच्या सीटा शिवायचो, तेव्हापासून मी तिथं होतो. मग मोटारींचं काम आलं, परदेशी भागीदार आले आणि शेवटी कंपनी त्यांचीच झाली. आता गेटजवळच्या भिंतीवर कंपनीचा इतिहास रंगवलाय. तो त्यांच्यापासूनच सुरू होतो. शेड नाही, आम्ही नाही.

पण कव्हर चढवण्याआधी आम्ही फोमवर पेनानं आपलं आद्याक्षर लिहायचो, साहेबांच्या नकळत. त्या अक्षरांवर बसून किती माणसं कुठं कुठं गेली असतील! इतिहासात मला तेवढीच, एका अक्षराएवढी जागा पुरली असती.

फाटक्या कव्हरात हात घालून मी वेड्यासारखा चाचपू लागलो.

"काही पडलं का, काका?" सलीमभाईंनी विचारलं.

"माझं अक्षर असेल आत."

त्यांनी कव्हर स्वतःच उसवलं. आत फोमचा नुसता पिवळा भुगा झाला होता. मुठीत धरला तर बोटांतून गळू लागला.

सलीमभाईंनी तो ओंजळीनं गोळा करून परत आत भरला आणि हलकेच म्हणाले, "बसा काका. अजून बसता येतं."

मी उभाच राहिलो.